चौथ्या मजल्यावरची टोपली

१

कैरोत उन्हाला शिव्या घालायला कुणाला फुरसत नसते, पण बाल्कनीला कनात लावून घ्यायची म्हटली की सगळं शहर अडून बसतं. पट्टे निळेच हवेत, झालर गोलच हवी, आणि काही झालं तरी शेजारणीच्या कनातीपेक्षा चार बोटं लांब हवी. राविया हे सगळं मुकाट ऐकून घ्यायची आणि शेवटी आपल्या मनासारखं शिवून द्यायची. शुब्रा वस्तीतल्या तीन मजली इमारतीत अगदी वर तिचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे, आणि दोन माणसांना झोपायला उरलेली जागा. तिच्या डोक्यावर फक्त गच्ची, गच्चीवर डिश आणि कुणाचातरी कबुतरखाना.

माप घ्यायला मात्र गावभर हिंडावं लागे, आणि हिंडताना सोबत बाबा असत. उस्ता बय्यूमी. ट्रामच्या ड्रायव्हरला कैरोत उस्ता म्हणतात, आणि ट्रामी गेल्या, रूळ उखडले, तरी उस्ता तो उस्ताच राहतो. अलीकडे त्यांच्या डोक्यातलेही रूळ जागोजाग उखडले होते. एकदा भाकरी आणायला म्हणून उतरले ते नदीकाठी बुलाकमध्ये अनवाणी सापडले. त्या दिवसापासून राविया त्यांना एकटं सोडत नसे. टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, बाबा, घट्ट धरा. ते छाती काढून धरत. काम संपेपर्यंत हलत नसत, आणि संपल्यावरही पुष्कळदा टोक सोडायला तयार नसत. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती, आणि राविया हल्ली रात्री दाराची कडी दोनदा बघून मगच आडवी व्हायची.

खालच्या मजल्यावर उम्म गिर्गिस. तोंडाची फटकळ, मनाची उदार. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचा सगळा संसार दोरीला बांधलेल्या टोपलीतून चाले. टोपली खाली सोडायची, हाक मारायची, वाण्याने भरायची, हिने ओढून घ्यायची. एकदा राविया घाईत होती. उम्म गिर्गिसने घरमालकाला द्यायला खाली सोडलेलं भाडं तिने टोपलीतून काढून घेतलं आणि टोपली तशीच वर जाऊ दिली. मग काय, महिनाभर जिना चढताना तिला ऐकावं लागलं, "रिकामी टोपली वर पाठवतेस? मला मेल्यात काढतेस का गं?" काही नाही तर पुदिन्याची काडी टाकावी, लिंबू टाकावं, पण टोपली रिकामी जाऊ द्यायची नाही. शुब्रात हे लहान पोरालाही कळतं, असं उम्म गिर्गिसचं म्हणणं. मग तिनेच रावियाला मोलोखियाच्या पातळ भाजीची वाटी पाठवली आणि विषय मिटला.

२

झमालेक या श्रीमंत वस्तीत टोपल्या नसतात. तिथे लिफ्ट असते, आणि लिफ्ट बिघडली तर बाकड्यावर बसलेला दरवान असतो. टोमॅटोसुद्धा तोच आणून देतो. म्हणून एका सकाळी माप घ्यायला जाताना, झाडांनी काळोख्या झालेल्या एका गल्लीत, हिरव्या दोरीवरून एक वेताची टोपली हळूहळू खाली येताना पाहिली तेव्हा रावियाला आधी हसू आलं. शुब्रातली कुणीतरी लग्न होऊन इथे आलेली दिसते, असं तिला वाटलं.

तिने सवयीने वर पाहिलं. बाल्कनी बघितल्याशिवाय तिला राहवतच नसे. चौथा मजला. जुना लोखंडी कठडा, त्यावर निळ्या पट्ट्यांची कनात, उन्हाने पार विटलेली, मधोमध फाटलेली. फाटलेल्या जागेच्या शेजारी पिवळ्या कापडाचं तिकोनी ठिगळ, आणि ते कुणीतरी काळ्या दोऱ्याने ओबडधोबड टाचलेलं. झमालेकमध्ये असली कनात कोण ठेवतं? शेजारी बोंब मारतील. तिला त्या ठिगळाचाच राग आला, कारण निळ्यावर काळा दोरा म्हणजे अगदीच गबाळं काम.

बाबा तोवर टोपलीपाशी जाऊन पोचले होते. त्यांनी खिशातून लिंबू काढलं, टोपलीत ठेवलं आणि दोरीला दोनदा हिसका दिला. टोपली वर गेली. दरवानाला विचारलं तर तो म्हणाला की त्या चौथ्या मजल्यावरच्या बाई, फार जुन्या. कधी पाहिलंय का त्यांना, असं विचारल्यावर त्याने जरा विचार केला, मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाला की त्या कुठे खाली येतात.

३

त्याच आठवड्यात सय्यिदा झैनब या जुन्या वस्तीत काम निघालं. गल्ली कसली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. खाली आतडी तळणाऱ्याची कढई, वर धुणी, आणि सगळे सगळ्यांशी एकाच वेळी बोलत असलेले. तिथे टोपल्या तर ढिगाने. त्यात एक हिरव्या दोरीची उतरली तेव्हा राविया मुद्दाम वर बघणार नव्हती. पण बघितलंच.

निळे पट्टे. मधोमध फाटलेलं. पिवळं तिकोनी ठिगळ, काळा दोरा.

तिने वाण्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. वाणी म्हणाला, "चौथ्या मजल्यावरच्या बाई ना? आमच्याच गल्लीतल्या. माझ्या बापाच्या वेळेपासून आहेत." आणि टोपलीत दोन काकड्या टाकून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ही इमारत चार मजल्यांची आहे का, हे मोजायचं रावियाच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात एक हातगाडीवाला ओरडत आला आणि तिला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. नंतर तिने वर पाहिलं तेव्हा धुण्याच्या चादरी वाऱ्याने पसरल्या होत्या आणि काही दिसलं नाही.

तिने स्वतःला समजावलं. निळ्या पट्ट्यांचं कापड मुस्की बाजारातल्या एकाच दुकानातून सगळं शहर नेतं. कनाती मधोमधच फाटतात, कारण ताण तिथेच येतो. ठिगळ पिवळं, तर पिवळं कापड स्वस्त. आणि प्रत्येक गल्लीत जिना न उतरणारी एक म्हातारी असतेच की. हिशेब अगदी बरोबर जुळला. फक्त तो काळा दोरा तेवढा तिच्या मनात टोचत राहिला.

घरी येताना बसमध्ये तिने बाबांना विचारलं की ती बाई तुमच्या ओळखीची आहे का. उस्ता खुश झाले. म्हणाले, सगळ्या स्टॉपांवर असायच्या. उन्हाळ्यात पाण्याची सुरई खाली सोडायच्या. मी ट्राम हळू करायचो, पाणी प्यायचो, टोपलीत पेरू टाकायचो, घंटी मारायचो आणि पुढे. कुठल्या स्टॉपवर, असं तिने विचारलं. ते तिच्याकडे असे बघू लागले की जणू मुलीचंच डोकं फिरलंय. "सगळ्या म्हटलं ना," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून हल्ली काय काय निघायचं, त्यातच तिने हेही जमा केलं.

४

खमसीन सुटला त्या दिवशी हेलिओपोलिस भागात काम होतं. वाळवंटातून हा वारा आला की आकाश हळदीच्या पाण्यासारखं होतं आणि दातांखाली वाळू करकरते. लोक खिडक्या लावून घेतात. पण गिऱ्हाईक हट्टाचं होतं, कापड तयार होतं, आणि आज माप घेतलं नाही तर काम दुसरीकडे जाईल अशी धमकीही होती. राविया निळ्या पट्ट्यांचा तागा खांद्यावर टाकून, बाबांचा हात धरून कमानींखालून चालत राहिली. तिला हा भाग आवडायचा. उंच छतं, रुंद बाल्कन्या, खांबांमधली सावली. पण रस्त्याच्या मधोमध जिथे रूळ होते तिथे आता नुसतं डांबर होतं. तिथून जाताना बाबा दरवेळी पाय उचलून टाकायचे, रूळ ओलांडल्यासारखे.

गिऱ्हाइकाच्या बाल्कनीत उस्तांनी टोक धरलं. माप निम्मं झालं असेल नसेल, बाईने आतून हाक मारली की झालर बघून घे. राविया आत गेली. झालरीवरून दोघींचं जरा वाजलंच. बाहेर आली तर टेपचं टोक कठड्याला नीट गाठ मारून बांधलेलं होतं आणि बाबा नव्हते.

गाठ सोडून टेपचं वेटोळं तिने सवयीने खिशात कोंबलं, तागा खांद्यावर टाकला आणि धावली. जिन्यात नव्हते. कमानींखाली नव्हते. रस्त्यावर पिवळ्या धुरळ्यात गाड्या दिवे लावून चालल्या होत्या. ती धावली, ओरडली, सिगारेटवाल्यापासून फार्मसीवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. डोक्यावर ट्रामची जुनी टोपी, पितळी बिल्ला असलेली, असे कुणी पाहिलेत का? चौकीत सांगायला गेली तर तिथला माणूस म्हणाला की जरा वाट बघा बाई, म्हातारी माणसं असतात इथेच कुठेतरी. तिला रडू आलं नाही, राग आला. ऐंशीच्या घरातला माणूस, असल्या वाऱ्यात, पाण्याशिवाय. संध्याकाळपर्यंत सापडला नाही तर काय होईल हे कुणी सांगायची गरज नव्हती.

५

मागच्या गल्लीत वारा जरा कमी होता. तिथे कुणीच नव्हतं. ती भिंतीला टेकून धाप टाकत उभी राहिली, आणि तिच्या तोंडासमोरून हिरवी दोरी खाली आली.

टोपली तिच्या छातीच्या उंचीवर थांबली. आत बाबांची टोपी होती. पितळी बिल्ला वर, नीट ठेवलेली.

तिने टोपी झडप घालून उचलली. काही विचारलं नाही, काही ठेवलं नाही. टोपली तिच्या हाताच्या धक्क्याने गर्रकन फिरली. मग दोरी जागच्या जागी थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली. वरून कुणीतरी खाली बघत असावं, असं वाटावं तेवढा वेळ. मग टोपली वर गेली. रिकामी.

ती दिसेनाशी झाली तेव्हा कुठे रावियाला कळलं की आपण टोपली रिकामी पाठवली. मला मेल्यात काढतेस का गं? उम्म गिर्गिसचा आवाज कानात वाजला, पण या वेळी तो चेष्टेचा वाटेना. तिने वर हाक मारली, माफ करा बाई, माझे बाबा कुठे दिसले तुम्हाला? वर धुरळा होता. एक मजला दिसत होता, दुसरा अंधुक, त्यापुढे पिवळं. ती इमारतीचा जिना चढून गेली. दुसऱ्या मजल्यानंतर जिना गच्चीवर निघत होता.

तिचं डोकं तरीही वकिली करत राहिलं. टोपी वाऱ्याने उडाली असेल. कुणा भल्या बाईला बाल्कनीत सापडली, तिने खाली सोडली. शेजारची इमारत उंच असेल, दोरी तिथून आली असेल. जिना उतरताना ती हे सगळं पुटपुटत होती. मग तिने टोपी उलटी केली. आत अस्तरात खोचलेली एक छोटी गोड भाकरी होती, बडीशेपेच्या वासाची, अजून कोमट. ही भाकरी कैरोत कुणी नाश्त्याला खात नाही. ती थडग्यांपाशी वाटतात, गेलेल्यांच्या नावाने. राविया आईच्या थडग्यापाशी दर ईदला वाटायची.

बाबा आईकडे गेले असतील हे तिला कुणी न सांगताही सुचायला हवं होतं. सुचलं असतंच, असं ती नंतर स्वतःला बजावत राहिली.

६

टॅक्सीवाला कराफ्याचं नाव काढताच कुरकुरला की या वाऱ्यात मेलेलेही बाहेर पडत नाहीत, तुम्ही कुठे निघालात? पण तिचं तोंड बघून त्याने पुढे एक शब्द काढला नाही, आणि कबरस्तानाच्या कमानीशी उतरवताना पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली.

कराफा म्हणजे एक आख्खी वस्तीच. गल्ल्या आहेत, दारं आहेत, दारांवर नंबर आहेत, काही अंगणांत माणसं राहतातही. पण सगळं बैठं. थडग्यांची अंगणं, भोवती भिंती, एखादी खोली. वर नुसतं आकाश. आज तेही दिसत नव्हतं. राविया तागा खांद्यावर घेऊनच धावत होती, तो टाकून द्यायचं भानही तिला राहिलं नव्हतं.

आईच्या अंगणाचं दार उघडं होतं.

उस्ता मधोमध उभे होते, तिच्याकडे पाठ करून. त्यांच्या समोर, धुरळ्यातून सरळ खाली, हिरवी दोरी. आजूबाजूला भिंत नाही, इमारत नाही, झाड नाही. टोपली त्यांच्या कमरेशी होती. तिच्यात आतापर्यंत त्यांनी आपला चष्मा टाकला होता, रुमाल टाकला होता, चपलाही टाकल्या होत्या. आणि आता दोन्ही हातांनी त्यांनी दोरी धरली होती, टेपचं टोक धरायचे तशी, घट्ट.

"बाबा, सोडा ती," राविया म्हणाली.

"कुणीतरी टोपली रिकामी पाठवली गं," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना फार लाज वाटत असल्यासारखा आवाज होता. "असं करू नये. त्या किती वर्षं पाणी द्यायच्या. माझ्याकडे आता द्यायला दुसरं काही उरलं नाही."

दोरी ताणली. रावियाने खाली पाहिलं. त्यांच्या अनवाणी टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. म्हातारं माणूस चवड्यांवर उभं राहू शकतं, असं तिचं डोकं म्हणालं. मग चवडेही उचलू लागले.

७

तिने त्यांना कमरेला मिठी मारली. त्यांचं वजन लागतच नव्हतं. एका हाताने तिने बटव्यात होतं नव्हतं ते टोपलीत ओतलं: डबा, किल्ल्या, कात्री, बडीशेपेची ती भाकरी. दोरी सैल पडेना. ओढतही नव्हती, सोडतही नव्हती. थांबली होती, मघासारखीच.

तेव्हा रावियाच्या लक्षात आलं की टोपली खाली आली की माणूस आधी काय करतं. उम्म गिर्गिसची टोपली आली की खालचा वाणी आधी मान वर करतो आणि काय हवं ते विचारतो. तिने वर पाहिलं होतं, पण ते विचारलं एकदाही नव्हतं. ना झमालेकमध्ये, ना गल्लीत. कुणी केलं होतं की नाही देव जाणे. तिने मान वर केली. डोळ्यांत वाळू गेली तरी मिटले नाहीत.

"काय हवं बाई तुम्हाला?" तिने विचारलं. शब्द रोजचेच होते.

मग वरून, फार उंचावरून नव्हे, खरंच चौथ्या मजल्यावरून यावा तसा एका बाईचा आवाज आला. तिच्या आईचा नव्हता. कुठल्याही म्हाताऱ्या बाईचा असतो तसा, थकलेला, जरा संकोचलेला.

"ऊन लागतं गं. फाटलीय."

राविया रडायला लागली, आणि रडता रडताच तिने विचारलं, "माप काय?"

कारण माप घेतल्याशिवाय कनात शिवता येत नाही, मग गिऱ्हाईक कुणी का असेना. तिने खिशातून टेपचं वेटोळं काढून टोपलीत ठेवलं. बाबांची बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली. या वेळी ती सुटली. उस्ता जमिनीवर आले, अडखळले, तिच्या अंगावर टेकले आणि पुन्हा नेहमीच्या माणसाइतके जड झाले. ते वजन तिला इतकं बरं वाटलं की ती त्यांना सोडायला तयार नव्हती.

टोपली वर गेली. वाऱ्याने एक वळण घेतलं आणि धुरळा क्षणभर बाजूला झाला. वर बाल्कनी होती, खालून दिसते तशी. लोखंडी कठडा, फाटकी कनात, तिकोनी ठिगळ. कठड्यावर एक कोपर टेकलेलं, बाही वर दुमडलेली, धुणं धुताना दुमडतात तशी. आणि मागे, कनातीच्या उरल्यासुरल्या सावलीत, माणसं. बस थांब्यावर दुपारी एकाच झाडाखाली दाटीवाटीने उभी राहतात तशी, अंग चोरून, एकमेकांना जागा करून देत. पुष्कळ होती. बाल्कनी कशालाच जोडलेली नव्हती.

आई त्यांच्यात असेल का, हे बघायचा धीर रावियाला झाला नाही. तिने मान खाली घातली.

टोपली परत आली तेव्हा दोघांचं सगळं सामान आत होतं. चष्मा, चपला, किल्ल्या. भाकरी तेवढी नव्हती. टेपवर एका जागी हिरव्या दोऱ्याची गाठ मारलेली होती. तिने आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. तो तिला पाठ होता, कारण ते तिच्या स्वतःच्या बाल्कनीचं माप होतं.

टोपली रिकामी पाठवायची नव्हती. तिने टॅक्सीवाल्याने दिलेली पाण्याची बाटली आत ठेवली आणि म्हणाली, "शिवून ठेवते. घेऊन जा."

८

हेलिओपोलिसच्या गिऱ्हाइकाने काम दुसऱ्याला दिलं. राविया म्हणाली, देऊ दे. तिने निळ्या पट्ट्यांचा तो तागा उलगडला आणि शिवायला बसली. मधोमध, जिथे ताण येतो, तिथे आतून दुहेरी पट्टी घातली. दोरा निळाच वापरला. झालर गोल केली, कारण ती छान दिसते. उस्ता शेजारी बसून कापडाचं टोक धरायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे की ऑर्डर मोठ्या घरची आहे.

कधीकधी शिवता शिवता तिचे हात थांबत. आपण हे काय करतो आहोत, असं वाटे. धुरळ्यात डोळे भरले होते, म्हातारा बाप टाचा उचलून उभा होता, भीतीने माणसाला काहीही दिसतं. मग ती टेप हातात घ्यायची. हिरवी गाठ तिथेच असायची. कात्रीने ती कापून टाकायचं तिच्या मनात आलं, पण हात धजला नाही.

कनात पुरी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. राविया बाल्कनीत धुणं वाळत घालत होती. डोळ्यांच्या कडेला काहीतरी हिरवं हललं. तिच्या बाल्कनीच्या बाहेरून, वरून खाली, दोरी येत होती. वर गच्ची होती, डिश होत्या, कबुतरखाना होता. टोपली कठड्याशी आली आणि थांबली.

उस्ता आतून कनात घेऊन आले, नीट घडी घातलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी टोपलीत ठेवली, वर पुदिन्याची एक काडी ठेवली आणि दोरीला दोनदा हिसका दिला. राविया त्यांचा सदरा मुठीत धरून उभी होती. टोपली गेली. तिने वर पाहिलं नाही.

दुपारी उम्म गिर्गिसने खालून हाका मारून जीव खाल्ला. "वर कोणाला बांधायला दिलंस गं? तुझ्याकडे सावली पडलीय ती दिसतेय मला. माझ्या बाजूलाही थोडी वाढवायला सांग की."

खरंच पडली होती. उन्हाने कायम भाजून निघणाऱ्या त्या बाल्कनीत, जिच्या वर काहीच नव्हतं, तिथे फरशीवर निळसर पट्ट्यांची सावली होती. कडेला गोल झालर. राविया गच्चीवर जाऊन आली. गच्चीवर ऊन रणरणत होतं आणि कबुतरं पाण्याच्या परातीभोवती जमली होती.

आता उस्ता कुठे हरवत नाहीत. डोकं सुधारलंय असं नाही. परवाच त्यांनी रावियाला आईच्या नावाने हाक मारली. पण जीव घाबरा झाला की ते दाराकडे जात नाहीत, खुर्ची ओढून त्या सावलीत बसतात. राविया मशीन चालवता चालवता त्यांच्याकडे बघत असते. दाराच्या कडीकडे ती हल्ली एकदाच बघते.

एकदा दुपारी ते बोलताना तिने ऐकलं. कुणाशी ते तिने विचारलं नाही, पण बाहेर येऊन उभी राहिली. उस्ता मान वर करून हसत होते, स्टॉपवर ओळखीचं माणूस भेटल्यासारखे. मग त्यांना ती दिसली.

"काय म्हणाल्या बाबा?" तिने शेवटी विचारलंच.

"ऐसपैस झालंय म्हणाल्या. सगळे मावतात आता." त्यांनी टोपी नीट केली आणि पाय सावलीत घेतले. "मी विचारलं, मी कधी येऊ? तर म्हणाल्या, घाई नाही."